चढावर दम सोडणारी पेट्रोल गोल्फ कार्ट : कार्ब्युरेटर खोलण्याआधी काय तपासायचं

सपाटीवर गाडी छान चालते. चढ लागला आणि मागे दोन माणसं बसलेली असली की आवाज जड होतो, इंजिन दोन-चार आचके देतं आणि बंद पडतं. पेडल सोडून जरा वेळ थांबलं की परत सुरू होते. पुढच्या चढावर पुन्हा तेच.

पेट्रोलवरच्या गोल्फ कार्टचा हा बिघाड मी इतक्यांदा काढला आहे की आता सीट उचलण्याआधी चालवणाऱ्याला दोनच प्रश्न विचारतो. बंद पडताना नेमकी कशी पडली? आणि परत सुरू व्हायला किती वेळ लागला? या दोन उत्तरांवर अर्धं काम होतं. बहुतेक जण हे न विचारता थेट कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग, खोलतात. तो साफ होतो, दोन दिवस बरं वाटतं आणि मग गाडी त्याच चढावर उभी राहते, कारण दोष तिथे नव्हताच. वर खोलाखोलीत एखादं गॅस्केट फाटलेलं असतं किंवा फ्लोटची सुई (आत येणारं पेट्रोल अडवणारी) नीट बसलेली नसते, म्हणजे एका बिघाडाचे दोन होतात.

लक्षणं : कशी बंद पडते?

आधी या गाडीची एक खासियत लक्षात घ्या. मोटारीसारखं हिचं इंजिन उभ्या गाडीत सुरू राहत नाही. पेडल दाबलं की त्याखालचा छोटा मायक्रोस्विच बसतो, सोलेनॉइड (स्टार्टरला वीज जोडणारा मोठा स्विच) ओढला जातो, स्टार्टर-जनरेटर पट्ट्याने इंजिन फिरवतो आणि गाडी निघते. पेडल सोडलं की इग्निशन तुटतं, इंजिन थांबतं. दिवसभरात हे शेकडो वेळा होतं. त्यामुळे इंजिन आपलं आपण बंद पडलं की पेडल सोडल्यामुळे थांबलं, हे चालवणाऱ्याच्या लक्षातच येत नाही. म्हणून एकदा स्वतः शेजारी बसून चढावर जा आणि कान देऊन ऐका.

इंजिन हळूहळू दम सोडत गेलं, ताकद ओसरत गेली, पेडल थोडं कमी केल्यावर सावरलं आणि पूर्ण दाबल्यावर पुन्हा बसलं, तर पेट्रोल कमी पडतंय. या तक्रारीत हेच सर्वांत जास्त वेळा निघतं.

किल्ली फिरवावी तसं खटकन बंद पडलं, आधी काहीच कुरकुर नव्हती आणि विशेषतः खड्ड्यात आपटल्यावर झालं, तर दोष वायरिंगमध्ये, स्विचमध्ये किंवा प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या कॉइलमध्ये आहे.

इंजिनाचा आवाज चढतोय, फेरे वाढतायत, पण गाडी वर सरकत नाही, तर इंजिनाला दोष देऊ नका. ड्राइव्ह बेल्ट घसरतोय किंवा क्लच अडकतोय. आणि इंजिन सुरुवातीपासूनच दबलेलं वाटत असेल तर ब्रेक धरून बसलेत का ते बघा. सपाट जागी न्यूट्रलमध्ये गाडी हाताने ढकला. एका माणसाला सहज ढकलता आली नाही तर आधी ब्रेकचं काम करा.

सपाटीवर ठीक, चढावर अगदीच निम्मी ताकद आणि इंजिन थरथरतंय, असं असेल तर तुमचं इंजिन किती सिलिंडरचं आहे ते पाहा. ई-झी-गो कंपनीच्या फोर-स्ट्रोक गाड्यांत बरीच वर्षं २९५ आणि ३५० सीसीची दोन सिलिंडरची रॉबिन इंजिनं होती. त्यात एक सिलिंडर मेला तरी गाडी सपाटीवर चालत राहते. क्लब कार कंपनीच्या गाड्यांतल्या कावासाकी एफई२९० सारख्या एका सिलिंडरच्या इंजिनात ही शक्यता नाही.

किती वेळाने परत सुरू होते?

लगेच, पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नात सुरू होत असेल तर पेट्रोल येतंय, पण जोराने येत नाही. पंप, फिल्टर, नळी हे बघायचं. पाच-दहा मिनिटं थांबावं लागत असेल तर माझा पहिला संशय टाकीच्या झाकणावर. अर्धा तास, म्हणजे इंजिन चांगलं थंड होईपर्यंत काहीच होत नसेल, तर गरम झाल्यावर बिघडणारी कॉइल किंवा घट्ट झालेले व्हॉल्व्ह. तिथे कितीही पेट्रोलच्या नळ्या बदलल्या तरी उपयोग नाही.

हात घालण्याआधी

गरम असतानाच करायच्या चाचण्या सोडल्या तर इंजिन निदान अर्धा तास थंड होऊ द्या. किल्ली काढा, पार्किंग ब्रेक लावा, चाकांना पुढून-मागून लाकडाचे ठोकळे लावा आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. तपासणीसाठी इंजिन फिरवायचं असेल तेवढीच ती परत जोडा. या गाडीत पेडल म्हणजेच स्टार्टर, त्यामुळे कुणाचा पाय चुकून पडला तर गाडी तुमच्या अंगावर येईल. इंजिन चालवून बघताना गिअर न्यूट्रलमध्ये हवा. काही मॉडेलमध्ये सर्व्हिससाठी वेगळं न्यूट्रल लॉक दिलेलं असतं, ते मॅन्युअलमध्ये बघून लावा. बंद शेडमध्ये इंजिन चालवू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. आणि फिरत्या क्लचजवळ सैल बाही, गळ्यातला दोरा, मोकळे केस नकोत.

पहिली पायरी : टाकीचं झाकण

एकही पाना लागत नाही आणि मी सर्वांत जास्त गाड्या इथेच सुधारलेल्या पाहिल्या आहेत, म्हणून यावर जरा थांबतो.

टाकीतून पेट्रोल गेलं की त्या जागी हवा आत यायला हवी. ती झाकणातल्या बारीक भोकातून येते. भोक धुळीने किंवा चिखलाने बुजलं की टाकीत ओढ तयार होते. सपाटीवर पेट्रोल कमी लागतं, पंप कसाबसा ओढून घेतो. चढावर मागणी वाढते, पंपाची ताकद टाकीतल्या ओढीपुढे अपुरी पडते, कार्ब्युरेटरची वाटी, जिच्यात थोडं पेट्रोल साठतं, रिकामी होते आणि इंजिन बसतं. गाडी उभी असताना झाकणाच्या कडेने हवा हळूहळू आत झिरपते, ओढ सुटते आणि गाडी परत चालते. पाच-दहा मिनिटांचं गणित ते हे.

तपासायचं असं : गाडी बंद पडल्या पडल्या झाकण फिरवा. सुस्स असा हवा आत जाण्याचा आवाज आला तर दोष सापडला. आवाज कळला नाही तर झाकण अर्धा आटा सैल ठेवून, टाकी काठोकाठ नसताना, तोच चढ एकदा सावकाश चढा. चढली तर झाकण बदला. भोक टाचणीने मोकळं करून तात्पुरतं चालतं, पण बऱ्याच झाकणांत आत छोटा व्हॉल्व्ह असतो आणि तो टाचणीने खराब होतो. सैल झाकणाने रोज गाडी चालवणं धोक्याचं आहे. पेट्रोल उसळून खाली सांडतं आणि सायलेन्सर तिथून फार लांब नसतो.

झाकण उघडलंच आहे तर पेट्रोलचा वास घ्या. ताज्या पेट्रोलचा वास तीव्र असतो. गाडी दोन-तीन महिने उभी असेल तर ते शिळं होतं आणि आंबूस, वॉर्निशसारखा वास येतो. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतला ओलावाही घेतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट खाली बसतं आणि पंप नेमका तळातूनच ओढतो. असं पेट्रोल काढून टाका, त्यात ताजं मिसळू नका.

टाकी भरलेली असताना गाडी ठीक आणि अर्ध्याखाली आली की त्रास, असं असेल तर टाकीच्या आतल्या नळीला वरच्या बाजूला तडा असतो. पातळी तड्याच्या खाली गेली की पेट्रोलऐवजी हवा ओढली जाते. चालवणाऱ्याला विचाराल तर तो हमखास म्हणतो, "पेट्रोल भरलं की दोन दिवस बरी चालते." हे वाक्य कानावर आलं की मी बाकी काही न बघता तीच नळी काढतो.

दुसरी पायरी : चोक ओढून बघा

चढावर इंजिन दम सोडायला लागलं की चोक (हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी खिटी) अर्धा ओढा. रस्ता मोकळा असताना, शेजारी बसलेल्याने हे करावं. सावरलं तर हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठूनतरी जादा हवा घुसतेय. आणखी बिघडलं, काळा धूर आला, तर उलट आहे. पेट्रोल जास्त होतंय, चोक अडकलाय किंवा हवेचा फिल्टर बंद झालाय. दहा सेकंदांची ही चाचणी पुढचे दोन तास वाचवते. फ्युएल इंजेक्शनच्या नव्या गाड्यांत चोक नसतो, त्यांच्याबद्दल शेवटी सांगतो.

हवेचा फिल्टर काढून उजेडाकडे धरा. उजेड दिसत नसेल तर बदला. फिल्टरच्या खोक्यात तेल दिसलं तर इंजिनमध्ये ऑइल जास्त भरलेलं आहे किंवा ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) फेकलं जातंय. डिपस्टिक काढून पातळी बघाच.

तिसरी पायरी : डिपस्टिकचा वास

डिपस्टिक काढलीच आहे तर नाकाजवळ न्या. ऑइलला पेट्रोलचा स्पष्ट वास येत असेल किंवा पातळी न भरता वाढली असेल तर तिथेच थांबा, इंजिन पुन्हा फिरवू नका. पंपाचा पडदा फाटला की पेट्रोल पल्सच्या नळीतून (हिच्याबद्दल सहाव्या पायरीत) सरळ क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या ऑइलच्या भागात उतरतं. कार्ब्युरेटरची सुई गळत असली तरी ते ऑइलमध्ये पोचू शकतं. ऑइल पातळ होतं, बेअरिंगवर थर धरत नाही आणि साध्या पंपाच्या कामाचं इंजिनच्या कामात रूपांतर होतं. गळती कुठून ते शोधून दुरुस्त करायचं, ऑइल बदलायचं, मगच पेडल दाबायचं.

चौथी पायरी : प्लग

गाडी दम सोडून बंद पडली की लगेच, पुन्हा स्टार्ट न करता प्लग काढा. तो आणि शेजारचा भाग चांगलाच भाजतो, जाड हातमोजे घाला. थोडा वेळ चालवून काढलेला प्लग खरी परिस्थिती सांगत नाही. कोरडा आणि पांढरट असेल तर पेट्रोल पोचत नव्हतं. ओला, काळा असेल तर पेट्रोल पोचलं पण जळलं नाही, मग करंटकडे वळा. बदामी, फिकट तपकिरी असेल तर तो ठीक आहे.

प्लगच्या दोन टोकांमधला गॅप साधारण ०.७ ते ०.८ मिमी असतो, तरी आपल्या इंजिनाचा आकडा मॅन्युअलमधूनच घ्या. प्लग परत लावताना आटे हाताने बसवा, पाना शेवटच्या घट्टीसाठीच. ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे एकदा गेले की हे काम घरचं राहत नाही. दोन सिलिंडरचं इंजिन असेल तर दोन्ही प्लग शेजारी ठेवून बघा. रंगात फरक असेल तर मेलेलं सिलिंडर कोणतं ते समोर दिसतं.

पाचवी पायरी : फिल्टर आणि नळ्या

पेट्रोलचा फिल्टर स्वस्त आहे, शंका असेल तर बदलून मोकळे व्हा. त्यावरचा बाण पेट्रोल वाहतं त्या दिशेने हवा. काही गाड्यांत दोन फिल्टर असतात, एक टाकीजवळ आणि एक कार्ब्युरेटरच्या आधी. एकच बदलून दुसरा विसरला जातो आणि मग "नवीन फिल्टर टाकूनही फरक नाही" असं वाटतं.

नळीला बाहेरून काही झालेलं दिसत नाही, पण आतला थर सुटतो. सुटलेला तुकडा पडद्यासारखा हलतो. पेट्रोल हळू असताना बाजूला राहतो, जोराने ओढलं की आडवा येतो. अशी नळी फुंकून पाहिली तर मोकळीच लागते, म्हणून हा दोष महिनोन् महिने सापडत नाही. नळी जुनी, कडक किंवा चिकट झाली असेल तर सगळ्याच बदला. पेट्रोलसाठी बनवलेली, त्याच आतल्या मापाची घ्या. साधी पारदर्शक प्लास्टिकची नळी लावू नका, ती पेट्रोलने कडक होऊन तडकते.

सहावी पायरी : पंप आणि त्याची पल्सची नळी

कार्ब्युरेटरवाल्या बहुतेक गाड्यांत पंपाला वीज लागत नाही. पिस्टन वर-खाली होताना क्रँककेसमध्ये हवेचा दाब कमी-जास्त होतो. तो एका बारीक नळीने पंपापर्यंत येतो, आतला पडदा हलतो आणि पेट्रोल पुढे ढकललं जातं. म्हणून पंपाला तीन नळ्या असतात : टाकीकडून येणारी, कार्ब्युरेटरला जाणारी आणि ही पल्सची.

पल्सच्या नळीला क्लिपखाली केसाएवढी चीर पडली की धक्क्याची ताकद गळून जाते. सपाटीपुरतं पेट्रोल मिळतं, चढापुरतं मिळत नाही. नळीची दोन्ही टोकं काढून बोटांनी वाकवून बघा, सरळ धरल्यावर चीर मिटलेली असते. नळी पुरेशी लांब असेल तर टोक सेंटिमीटरभर कापून परत बसवता येतं. पण ती बदलणंच बरं, कारण एक टोक गेलं की दुसरंही जायच्या बेतात असतं.

पंपाची धार बघायची तर कार्ब्युरेटरकडची नळी सोडून तिला लांब नळी जोडा आणि टोक इंजिनपासून दूर, जमिनीवर ठेवलेल्या पेट्रोलच्या कॅनमध्ये सोडा. गाडी न्यूट्रलमध्ये, चाकांना ठोकळे. वाटीत उरलेल्या पेट्रोलवर इंजिन काही सेकंद चालेल, तेवढ्यात ठोक्यागणिक जोरदार चिळकांड्या दिसायला हव्यात. नुसतं ठिबकत असेल आणि फिल्टर, नळ्या, पल्स सगळं ठीक असेल, तर पंप बदला. शेजारी आग विझवण्याचं सिलिंडर असल्याशिवाय आणि मोकळ्या हवेत नसाल तर ही चाचणी करू नका.

सातवी पायरी : खटकन बंद पडणाऱ्या गाड्या

आधी बॅटरी. उभ्या गाडीत पूर्ण चार्ज बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट हवेत, स्टार्टर इंजिन फिरवत असताना १० च्या आसपास टिकायला हवेत आणि इंजिन वेगाने चालू असताना १४ च्या जवळ. वाढत नसतील तर स्टार्टर-जनरेटरचा पट्टा सैल आहे, ब्रश झिजलेत किंवा चार्जिंग सांभाळणारा रेग्युलेटर गेलाय. बऱ्याच गाड्यांत स्पार्क बॅटरीवर अवलंबून नसतो, त्यामुळे कमजोर बॅटरी चढावर इंजिन बंद पाडत नाही, पण नंतर स्टार्ट करताना अडवते. लोक या दोन गोष्टींची गल्लत करतात.

मग पेडलचा मायक्रोस्विच, किल्लीचा स्विच आणि इंजिनची अर्थ वायर. प्रत्येक जोड हाताने हलवून बघा, हिरवट झालेले टर्मिनल घासून घट्ट करा. इंजिन रबरी पायांवर बसलेलं असतं, त्यामुळे अर्थ वायर तुटली की चेसिसशी संबंधच सुटतो. इग्निशन बंद करणारी वायर कुठे चेसिसला घासून उघडी पडली असेल तर प्रत्येक खड्ड्यात इंजिन बंद पडतं. ती शोधायला डोळे पुरतात. ती वायर सोडून गाडी चालवून बघण्याचा प्रयोग मात्र करू नका, कारण मग पेडल सोडल्यावरही इंजिन थांबत नाही.

गाडी गरम होऊन बंद पडल्यावर लगेच स्पार्क टेस्टर लावा. गरम असताना ठिणगी नाही आणि थंड झाल्यावर आहे, तर कॉइल किंवा तिला चालवणारा इग्नायटर खराब आहे.

आठवी पायरी : कार्ब्युरेटर

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तरच. खोलण्याआधी वाटीखालचा ड्रेन स्क्रू काढून पेट्रोल काचेच्या बरणीत घ्या. तळाशी पाण्याचे थेंब किंवा तांबूस चुरा दिसला तर टाकीपासून साफसफाई करावी लागेल, नुसता कार्ब्युरेटर धुऊन महिनाभरात तीच वेळ येईल. जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं, तारेने कोरू नका, भोक मोठं झालं की मिश्रण कायमचं बिघडतं. कार्ब क्लीनर आणि हवेचा दाब वापरा, डोळ्यांवर चष्मा लावा. परत बसवताना मधलं गॅस्केट नवीन घ्या.

थांबायचं कुठे

गव्हर्नरला, म्हणजे वेग मर्यादेत ठेवणाऱ्या यंत्रणेला, हात लावू नका. चढावर ताकद नाही म्हणून त्याची स्प्रिंग ताणणारे पुष्कळ भेटले. ताकद येत नाही, उतारावर वेग मात्र वाढतो. गोल्फ कार्टसाठीच्या अमेरिकी मानकात कमाल वेग ताशी १५ मैल, म्हणजे सुमारे २४ किमी धरलेला आहे आणि ब्रेक, स्टिअरिंग त्याच हिशोबाने बनलेले असतात.

व्हॉल्व्हचं क्लिअरन्स, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) आणि लीक-डाउन (तो दाब कुठून निसटतो) चाचणी मेकॅनिककडे द्या. अशा इंजिनांत क्लिअरन्सचं, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागामधलं अंतर मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असतं. ते संपलं की गरम झालेला व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, दाब निसटतो आणि इंजिन थंड झाल्याशिवाय सुरू होत नाही. काही इंजिनांत स्टार्ट करताना दाब थोडा सोडणारी डीकॉम्प्रेशनची सोय असल्याने गेजवर आकडा मुळातच कमी दिसतो. हे माहीत नसलेला माणूस चांगलं इंजिन विनाकारण खोलतो.

इंजिनमध्ये धातूचा ठोका ऐकू आला, निळा धूर सतत राहिला, टाकीला तडा दिसला किंवा पेट्रोल कुठेही ठिबकताना सापडलं, तर गाडी जागेवरून हलवू नका. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत झाकण, पेट्रोल, हवेचा फिल्टर, प्लग आणि बॅटरी एवढंच आपण बघायचं. तिथे पेट्रोलची नळी दाबाखाली असते आणि पुढचं निदान कंपनीच्या यंत्राशिवाय होत नाही.

मेकॅनिकला बोलावलंत की या गोष्टी कागदावर लिहून द्या : दम सोडून बंद पडते की खटकन, किती मिनिटांनी सुरू होते, चोक ओढल्यावर काय झालं, झाकण सैल केल्यावर काय झालं, टाकी तेव्हा किती भरलेली होती. आणि काढलेला जुना प्लग फेकू नका, तो त्याच्या हातात द्या.